घोंगडीपासून पिसांच्या कोटापर्यंत : उंच पर्वतीय मोहिमांतील वस्त्रसामग्रीचा इतिहास आणि सोलापूरची वस्त्रपरंपरा

प्रस्तावना :

समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या कोरड्या पठारावर वसलेले सोलापूर हे वस्त्रनगर म्हणून सर्वपरिचित आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पाऊस बेभरवशाचा असतो. अशा शहराचा हिमशिखरांशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. तथापि हा संबंध आता प्रत्यक्षात आलेला आहे. सोलापूरचे गिर्यारोहक आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट शिखर गाठले. महाविद्यालयांतील विद्यार्थी व राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्र हिमालयातील पदभ्रमण आणि प्रशिक्षण शिबिरांना जातात. या प्रत्येकाला घरातून निघण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. पाठपिशवीत काय घ्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, हा तो निर्णय होय.

गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा शिखरांचा व वीरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते शिखर, कोणी, कोणत्या वर्षी सर केले याच्या नोंदी विपुल आहेत. मात्र त्या व्यक्तींच्या अंगावर काय होते, ते कोठे तयार झाले आणि कोणाच्या पाठीवरून वर गेले, या प्रश्नांना इतिहासलेखनात दुय्यम स्थान मिळाले. वस्तुतः उंच पर्वतावर मनुष्य जिवंत राहतो तो वस्त्रामुळे, आणि वस्त्र हा तर सोलापूरच्या अभिमानाचा विषय आहे. म्हणूनच या विषयाकडे सोलापूरच्या संदर्भातून पाहणे उपयुक्त ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) उंच पर्वतीय मोहिमांतील वस्त्रसामग्रीच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) सोलापूर परिसरातील लोकर व कापूस या दोन वस्त्रपरंपरांचा त्या विकासाच्या संदर्भात विचार करणे.
३) सामग्रीची उपलब्धता आणि तिचा प्रत्यक्ष उपयोग यांतील अंतराची चिकित्सा करणे.

या निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, उंचीवरील हानी ही केवळ वस्त्रांच्या अभावामुळे होत नाही. अनेकदा वस्त्र अस्तित्वात असते. परंतु ते योग्य वेळी, योग्य शरीरापर्यंत पोहोचत नाही. हे अंतर तंतू, ओझे आणि पुरवठा या तीन कारणांनी निर्माण होते. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

१. तंतू : लोकर, कापूस आणि हवा

उंची वाढते तशी हवा थंड होते. सर्वसाधारणपणे प्रत्येक हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. एव्हरेस्टचा नेपाळकडील पायथ्याचा तळ ५,३६४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीचा विचार केला तरी सोलापूर आणि तो तळ यांच्या तापमानात सुमारे ३२ अंशांचा फरक पडतो. अक्षांश, वारा व हिम यांचा परिणाम वेगळाच. या थंडीत शरीराला ऊब देणारा घटक कापड नसून कापडाने अडवून धरलेली स्थिर हवा असते. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे वस्त्र भिजले की त्यातील हवेची जागा पाणी घेते आणि तेच वस्त्र शरीराला थंड करू लागते. पर्वतीय वस्त्राचा सारा इतिहास हा हवा धरून ठेवण्याचा आणि पाणी दूर ठेवण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

हे ज्ञान सोलापूर परिसराला नवे नाही. जिल्ह्याचा सांगोला तालुका व लगतचा माणदेश हा दख्खनी मेंढीचा प्रदेश आहे. या मेंढीची लोकर बहुधा काळी, जाड व राठ असते. ती कातरून, पिंजून, चातीवर अथवा चरख्यावर कातली जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली जाते आणि खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणली जाते. हे काम सनगर व खुटेकर धनगर या समाजांनी पिढ्यानपिढ्या केले. घोंगडी दिसावयास ओबडधोबड असली तरी तिचे गुण सूक्ष्म आहेत. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर सोडते. मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, रात्री तीच अंथरतो किंवा पांघरतो आणि गावात देवासमोर बसताना तीच आसन म्हणून पसरतो. एकाच वस्त्राकडून अनेक कामे करून घेण्याची ही रीत फिरत्या जीवनाने शिकविलेली आहे. धनगर समाजाच्या धार्मिक विधींतही घोंगडीला पावित्र्याचे स्थान आहे.

दुसरीकडे सोलापूर शहर हे कापसाचे शहर होय. १८७७ मध्ये स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील जुनी मिल, आणि तिच्यामागून आलेल्या विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी इत्यादी गिरण्यांनी शहराचे रूप बदलले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग व पुढे यंत्रमाग यांवर सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा लौकिक देशभर नेला. या दोन्ही उत्पादनांना २००५-०६ या काळात भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. चादर व टॉवेल यांचे गुण या हवामानाला अनुरूप आहेत. कापूस घाम शोषतो, तो हळूहळू वाळू देतो आणि अंग थंड ठेवतो. पण उष्ण पठारावरचा हा गुण हिमरेषेवर दोष ठरतो. चढताना आलेला घाम सुती बनियनमध्ये साठतो आणि चढणारा थांबताच तो ओलावा त्याच्या अंगातील उष्णता ओढून घेतो. हिमालयातील पदभ्रमणात सुती कपडे अंगालगत घालू नयेत हा नियम याच कारणाने रूढ झाला.

मात्र येथे कापसाला सरसकट दोषी ठरविणे अनैतिहासिक होईल. थॉमस बर्बरी याने १८७९ मध्ये घट्ट विणीचे गॅबर्डीन कापड विकसित केले आणि ते ध्रुवीय व पर्वतीय मोहिमांत वाराप्रतिबंधक म्हणून वापरले गेले. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टर येथे व्हेंटाइल नावाचे कापड तयार झाले. ते लांब धाग्याच्या कापसाचे असून भिजताच त्यातील धागे फुगून छिद्रे बंद होतात आणि पाणी आत शिरणे कठीण होते. समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांच्या बचावासाठी ते वापरले गेले. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतील बाहेरची वस्त्रेही कापूस व नायलॉन यांच्या मिश्र विणीची होती. तात्पर्य, कापसाचा तंतू पर्वतावर गेला. पण तो बाहेरच्या थरात आणि घट्ट विणीत गेला. टॉवेलचे मोकळे फासे पाणी धरून ठेवण्यासाठी असतात आणि व्हेंटाइलची घट्ट वीण पाणी अडविण्यासाठी असते. तंतू एकच, वीण निराळी. विणकरांच्या शहराला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऊब धरून ठेवण्याच्या दृष्टीने पहिली मोठी झेप १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत दिसते. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच याने बलूनसाठी वापरल्या जाणाऱ्या कापडाचा, आत आयडर बदकाची मऊ पिसे भरलेला कोट स्वतः रचून घेतला. लोकरी व ट्वीडच्या कपड्यांची सवय असलेल्या सहकाऱ्यांना तो विचित्र वाटला आणि त्याची चेष्टाही झाली. पुढे त्याच फिंचने २७ मे १९२२ रोजी जेफ्री ब्रूससह प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८,३०० मीटरपर्यंत मजल मारली. तोपर्यंत गिर्यारोहकांनी गाठलेली ती सर्वाधिक उंची होती. आजच्या पिसांच्या कोटाचा हा पूर्वज होय. तथापि पिसे भिजली की त्यांचा गोळा होतो आणि त्यांची ऊब संपते. लोकरीचे सामर्थ्य नेमके तेथे आहे, जेथे पिसांचे दौर्बल्य आहे.

जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू आयर्विन हे ८ जून १९२४ रोजी शिखराच्या वाटेवर बेपत्ता झाले. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे अनेक पातळ थर आणि वर गॅबर्डीन आढळले. या कपड्यांच्या प्रतिकृती करून २००६ मध्ये एव्हरेस्टवर त्यांची चाचणी घेण्यात आली. ते हलके व हालचालीस सोयीचे असल्याचे दिसले. पण उघड्यावर रात्र काढण्यास ते पुरेसे नव्हते. अंगालगत ओलावा वाहून नेणारा थर, मध्ये ऊब देणारा थर आणि बाहेर वारा व पाणी अडविणारा थर ही आजची त्रिस्तरीय पद्धत मुळात या जुन्या अनुभवाचीच सुव्यवस्थित मांडणी आहे. नंतर तंतू बदलले. १९३५ मध्ये नायलॉन, १९४१ मध्ये पॉलिएस्टर, १९६९ मध्ये गोअर-टेक्सचा आधार असलेले ताणलेले सच्छिद्र टेफ्लॉन आणि १९७९ च्या सुमारास फ्लीस असा हा क्रम आहे. पॉलिएस्टर जवळजवळ पाणीच शोषत नाही, त्यामुळे ते लवकर वाळते. या स्थित्यंतरात लोकरीचे स्थान संपले नाही. परंतु ते मऊ व बारीक मेरिनो लोकरीकडे गेले. दख्खनी मेंढीची राठ लोकर या बाजारपेठेच्या बाहेर राहिली.

२. ओझे : वस्त्र कोणाच्या पाठीवर?

वस्त्र उत्तम असले तरी ते वर नेणारी पाठ लागते. याबाबतही सोलापूर परिसराकडे स्वतःचा अनुभव आहे. माणदेशातील मेंढपाळ पावसाळ्यानंतर चाऱ्याच्या शोधात दूरवर जातात. काही कुटुंबांचा मिळून एक वाडा होतो. वाड्याचे बिऱ्हाड तट्टांवर लादले जाते. मेंढ्या कोंडण्याची वाघर, भांडी, धान्य, अंथरूण, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरेही तट्टाच्या पाठीवर असतात. हे बिऱ्हाड दर दोन-चार दिवसांनी सोडावयाचे व पुन्हा बांधावयाचे असते. त्यामुळे कोणती वस्तू वर, कोणती खाली, कोणती दोन्ही बाजूंस समतोल ठेवावयाची, याचा क्रम ठरून गेलेला असतो. मुक्कामी पोहोचताच प्रथम लागणारी वस्तू सर्वांत शेवटी बांधली जाते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी धनगरांच्या देवता व मौखिक परंपरा यांचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या बांधाबांधीच्या ज्ञानाकडे मात्र स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले गेले.

हिमालयीन मोहिमांत तट्टांची जागा उंचावर मनुष्याने घेतली. १९५३ च्या मोहिमेत साडेतीनशेहून अधिक हमाल होते, तर शिखरावर दोघे पोहोचले. या प्रचंड वाहतुकीची किंमत कोणी मोजली हेही पाहणे आवश्यक आहे. ७ जून १९२२ रोजी हिमलोटात सात हमाल मृत्युमुखी पडले. एव्हरेस्टवरील ब्रिटिश मोहिमांतील त्या वर्षीचे सर्व मृत हे ओझे वाहणारे होते. खालच्या टप्प्यांवरील हमालांना मिळणारी वस्त्रे व पादत्राणे मोहिमेच्या सदस्यांच्या तोडीची नसत. म्हणजे ऊब देणारे वस्त्र ज्याच्या पाठीवर असे, त्याच्या अंगावर ते असेलच याची शाश्वती नव्हती. हमालांच्या ओझ्याची मर्यादा आणि त्यांना पुरेसे कपडे देण्याची जबाबदारी यांबाबत संघटित जागृती होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

याच्या उलट टोकाला राइनहोल्ड मेसनर यांची १९८० मधील एव्हरेस्टवरील एकल चढाई दिसते. त्यांनी प्राणवायूचे नळकांडे न घेता आणि हमालांच्या साखळीविना, एका छोट्या पाठपिशवीतील सामग्रीवर शिखर गाठले. तंतू हलके झाल्यामुळेच अशी चढाई शक्य झाली, हे खरे. पण त्याबरोबरच प्रत्येक वस्तूची आवश्यकता तपासून पाहण्याची शिस्त त्यामागे होती.

ओझ्याच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. वस्तू स्वतःच्याच पाठीवर असूनही ती उपयोगात येत नाही, असेही घडते. ३ जून १९५० रोजी मॉरिस हेर्झोग व लुई लाशनाल यांनी अन्नपूर्णा शिखर गाठले. मनुष्याने सर केलेले ते ८,००० मीटरवरील पहिले शिखर होय. उतरताना हेर्झोग यांचे हातमोजे घसरून दरीत गेले. त्यांच्या पाठपिशवीत जादा पायमोजे होते आणि ते हातांत चढविता आले असते. परंतु विरळ हवेत थकलेल्या मनाला तेवढेही सुचले नाही. परिणामी हिमदंशामुळे त्यांना हातापायांची बोटे गमवावी लागली. एव्हरेस्टच्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. ८,००० मीटरवरही स्थिती फारशी वेगळी नसते. अशा ठिकाणी विचार करून वस्तू शोधणे शक्य होत नाही. तो विचार पिशवी बांधतानाच करून ठेवावा लागतो. १९५३ मध्ये अखेरच्या छावणीत एडमंड हिलरी यांचे बूट रात्रीत गोठले आणि २९ मेच्या पहाटे ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात बहुमोल वेळ गेला. तेनसिंग नोर्गे यांनी मात्र आपले बूट पायांतच ठेवले होते. सामग्री दोघांकडेही उत्तम होती. फरक सवयीत होता.

३. पुरवठा : कोठार आणि शरीर

स्वातंत्र्योत्तर भारतात गिर्यारोहणाला संस्थात्मक अधिष्ठान लवकर लाभले. १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग स्थापन झाले. ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम निघाली. या मोहिमेसाठी बरीचशी सामग्री देशातच तयार करण्यात आली होती. मोहीम शिखराच्या अगदी जवळ, सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचून प्रतिकूल हवामानामुळे परतली. पुढे १९६५ मध्ये एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेचे नऊ सदस्य शिखरावर पोहोचले. म्हणजे उंचीवर टिकणारी वस्त्रे तयार करण्याची क्षमता १९६० च्या सुमारास देशात आकार घेऊ लागली होती.

या पार्श्वभूमीवर १९६२ चा अनुभव अधिकच क्लेशदायक ठरतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ईशान्येकडील नामका चू नदीच्या परिसरात तैनात असलेल्या सातव्या पायदळ ब्रिगेडचे अनेक जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि एकेका ब्लँकेटवर होते. या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थितीचे सविस्तर वर्णन केले आहे. युद्धानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली. पराभवाच्या कारणांची चौकशी झाल्यावर २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले. सामग्रीची एकूण टंचाई होती, हे त्यांनी मान्य केले. त्याचबरोबर एक महत्त्वाची बाब त्यांनी स्पष्ट केली. अनेक वस्तू देशात कोठेच नव्हत्या असे नव्हे. त्या सपाटीवरील शेवटच्या ठिकाणापर्यंत पोहोचविता येत होत्या. परंतु तेथून विमानाने, जनावरांच्या वा माणसांच्या पाठीवरून पुढच्या तुकड्यांपर्यंत त्या वेळेत नेणे साधले नाही.

प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने हे निवेदन अत्यंत महत्त्वाचे आहे. हेर्झोग यांच्या बाबतीत अंतर होते पाठीपासून हातापर्यंतचे. १९६२ मध्ये ते होते कोठारापासून सीमेपर्यंतचे. एक व्यक्तीची चूक, दुसरी व्यवस्थेची. म्हणून दोहोंची जबाबदारी समान मानता येणार नाही. जवानाने आपली पिशवी स्वतः निवडलेली नसते. ती त्याच्यासाठी राज्यसंस्थेने बांधलेली असते. मात्र दोन्ही घटनांत सामग्री अस्तित्वात असून शरीर उघडे राहिले, हे साम्य नाकारता येत नाही.

हा प्रश्न १९६२ सोबत संपला नाही. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीनवरील मोहिमेसाठी विशेष वस्त्रे परदेशातून आणावी लागली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा उंच प्रदेशातील वस्त्रे, सामग्री, शिधा व निवास यांविषयीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. तो मुख्यतः २०१५-१६ ते २०१७-१८ या काळाशी संबंधित होता. खरेदीतील दिरंगाई आणि हिमचष्म्यांसारख्या साध्या भासणाऱ्या वस्तूंची टंचाई यांवर त्यात बोट ठेवण्यात आले. हिमचष्मा ही चैनीची वस्तू नाही. त्यावाचून हिमावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी काही तासांत तात्पुरते अंधत्व येऊ शकते.

नागरी गिर्यारोहणात पुरवठ्याचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात दिसतो. महाराष्ट्रात १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार आणि १९८२ मध्ये पुण्यात गिरिप्रेमी या संस्था स्थापन झाल्या. सह्याद्रीच्या कड्यांवर सराव करून हिमालयात जाण्याची परंपरा अशा संस्थांनी घडविली. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी सामग्री आयात करणे सर्वसामान्य गिर्यारोहकाच्या आवाक्याबाहेर होते. परदेशी मोहिमांनी मागे ठेवलेली, काठमांडू वा दार्जिलिंगच्या बाजारात विकली जाणारी जुनी सामग्री, संस्थांची सामाईक कोठारे आणि इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडून मिळणारी उसनी साधने यांवर काम भागत असे. अशा वाटेने महाराष्ट्राचे नागरी गिर्यारोहण पुढे गेले. मे १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २००९ मध्ये कृष्णा पाटील यांनी एकोणिसाव्या वर्षी हे शिखर गाठले. २०१२ मध्ये गिरिप्रेमीचे आठ सदस्य एव्हरेस्टवर, तर २०१९ मध्ये दहा सदस्य कांचनजंगावर पोहोचले. या यशामागे सामाईक कोठाराची परंपरा होती, हे विसरता येणार नाही. पुणे-मुंबईत संस्थांचे जाळे असल्याने नवोदिताला बूट वा झोपण्याची थैली उसनी मिळू शके. जिल्ह्याच्या ठिकाणी असे जाळे विरळ असते.

४. सोलापूरच्या विद्यार्थ्याची पाठपिशवी

वरील विवेचन आजच्या विद्यार्थ्यापर्यंत आणून पाहिले असता त्याचे गांभीर्य ध्यानात येते. सोलापुरातून हिमालयात प्रथमच जाणारा विद्यार्थी घरात जे आहे ते बरोबर घेतो. जीन्सची विजार, सुती सदरे, टॉवेल, चादर, एखादा विणलेला स्वेटर आणि कानटोपी. यातील स्वेटर व कानटोपी वगळता बहुतेक वस्तू सुती, जड आणि वाळावयास वेळ घेणाऱ्या असतात. विशेषतः जीन्स एकदा हिमात भिजली की दिवसभर वाळत नाही. थंडी वाजेल या भीतीने कपड्यांची संख्या वाढविली जाते, त्यामुळे ओझे वाढते. ओझ्यामुळे घाम येतो. घामाने सूत भिजते आणि अखेर थंडी वाजतेच. म्हणजे अधिक कपडे घेऊनही ऊब मिळत नाही.

प्रशिक्षण संस्था दोर, हिमकुऱ्हाड, बुटांना लावावयाचे काटे इत्यादी तांत्रिक साधने पुरवितात. परंतु अंगावरचे कपडे बहुतांशी ज्याचे त्याने आणावयाचे असतात. येथे इतिहासाने दिलेले धडे साधे आहेत. अंगालगत सुती कापड नसावे. तेथे लोकर वा पॉलिएस्टर असावे. झोपताना घालावयाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि दिवसा तो काढू नये. हातमोज्यांचा जादा जोड पिशवीच्या तळाशी नसून वरच्या कप्प्यात असावा. जड वस्तू पाठीलगत मध्यभागी आणि प्रथम लागणारी वस्तू सर्वांत वर असावी. दोन जाड पायमोजे घालून बूट आवळला तर रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गारठतो. म्हणून बूट घेतानाच मोज्यांसह पायात घालून पाहावा व प्रवासापूर्वी काही आठवडे वापरावा. रात्री गोठू नये अशी वस्तू अंगाजवळ ठेवावी. हे नियम नवे नाहीत. त्यांतील प्रत्येकामागे कोणाचे तरी गमावलेले बोट, गोठलेला बूट वा न पोहोचलेले गाठोडे आहे.

प्रथम लागणारी वस्तू शेवटी बांधावी, हा नियम तर माणदेशातील मेंढपाळ स्त्री कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेशिवाय पाळत आली आहे. विद्यार्थ्याच्या घराशेजारीच असलेले हे ज्ञान त्याच्या पाठपिशवीपर्यंत पोहोचत नाही, हेही एक प्रकारचे अंतरच होय.

निष्कर्ष :

१) उंच पर्वतीय वस्त्राचा विकास हा जुन्या तंतूंचा त्याग करून नव्यांचा स्वीकार, असा सरळ रेषेत झालेला नाही. लोकर, सूत, पिसे व कृत्रिम तंतू यांच्या स्थानांची फेररचना होत गेली. तंतूइतकेच महत्त्व विणीला व थराला आहे.

२) घोंगडी ही पिसांच्या कोटाला पर्याय आहे, असा दावा करता येत नाही. ती जड आहे, राठ आहे आणि पाठपिशवीत फार जागा व्यापते. मात्र भिजल्यावरही ऊब देण्याचा तिचा गुण शास्त्रीय दृष्ट्या खरा आहे. दख्खनी लोकरीचा उपयोग बुटांतील तळवे, तंबूतील बैठका अशा ठिकाणी होऊ शकेल काय, याची वस्त्रतंत्र, भौतिकशास्त्र व इतिहास या विभागांनी मिळून चाचणी घेणे योग्य ठरेल. ग्राहक घटल्याने घोंगडी विणणारे हात कमी होत असताना असा अभ्यास लांबणीवर टाकणे इष्ट नाही.

३) सोलापूर हे आज गणवेश शिवण्याचेही केंद्र आहे. कापड ओळखणारे, कापणारे व शिवणारे कुशल हात येथे आहेत. तरीही येथील विद्यार्थी हिमालयात अयोग्य कपड्यांनिशी जातो. त्यामुळे येथील उणीव कौशल्याची नसून ज्ञानाच्या देवाणघेवाणीची आहे, असे म्हणावे लागते.

४) महाविद्यालयांनी एकत्र येऊन पर्वतीय सामग्रीचे सामाईक कोठार उभारणे शक्य आहे. बूट, झोपण्याच्या थैल्या, पिसांचे कोट व पाठपिशव्या या वर्षातून काही दिवसच लागणाऱ्या वस्तू प्रत्येक विद्यार्थ्याने विकत घ्याव्यात ही अपेक्षा दुष्काळी जिल्ह्यात अवाजवी आहे. गिर्यारोहण संस्थांनी अनेक दशके सामाईक कोठारांवरच वाटचाल केली.

५) मेंढपाळ स्त्रियांच्या बांधाबांधीच्या पद्धती आणि घोंगडी विणकरांचे अनुभव यांचे मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलन होणे निकडीचे आहे.

१९६३ मधील लोकसभेतील निवेदनाचा आशय एका विद्यार्थ्याच्या पाठपिशवीलाही लागू पडतो. वस्तू सपाटीवर असून चालत नाही. ती लागेल तेथे आणि लागेल तेव्हा हाताशी असावी लागते. वस्त्रांच्या या शहरातून उंच पर्वतावर जाणारा एकही विद्यार्थी वस्त्राअभावी गारठू नये, एवढी व्यवस्था करणे येथील शिक्षणसंस्थांच्या आवाक्यात आहे. ती केली गेली, तर इतिहासाचा हा अभ्यास वर्गाबाहेरही उपयोगी पडला असे म्हणता येईल.